हात माझाच होता

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. कॉलेजच्या नाट्यमंडळाचा ईडिपसचा प्रयोग पाहून आल्या आल्या तू जणू निकालपत्रच लिहून पाठवलंस : आरोपीला आपण आपल्याच बापाला मारतोय हे माहीत नव्हतं, हेतू नव्हता, शिवाय पहिला वार समोरून झाला, सबब निर्दोष. आणि खाली प्रश्न : "आई, सगळं आधीच ठरलेलं होतं तर त्याचा दोष काय? आणि दोष नसेल तर त्यानं डोळे का फोडून घेतले? मला हे नाटक अन्यायाचं वाटलं." फोनवर बोलले असते तर "पण आई" म्हणून तू दर दोन वाक्यांना थांबवलं असतंस. मला हे सलग सांगायचं आहे, म्हणून पत्र लिहिते आहे. इतकी वर्षं वर्गात शोकांतिका शिकवली, पण हा प्रश्न घरातून पहिल्यांदाच आला, त्याचा आनंद वेगळा आहे.

आधी हे सांगते की तुझा निकाल बरोबर आहे. आणि तो तुझ्या आधी खुद्द नाटककारानं, सोफोक्लीसनं, दिला आहे. अगदी म्हातारपणी, नव्वदीच्या आसपास, त्यानं ईडिपसवर दुसरं नाटक लिहिलं. त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०१ मध्ये, त्याच्याच नावाच्या नातवानं ते अथेन्समध्ये रंगभूमीवर आणलं. नाटक घडतं कोलोनसला, अथेन्सजवळच्या त्या गावात जिथे सोफोक्लीस स्वतः जन्मला. आंधळा, म्हातारा ईडिपस मुलीचा, अँटिगनीचा, हात धरून भीक मागत तिथे पोहोचतो. मागोमाग त्याच्या जुन्या राज्यातून, थीब्जहून, मेहुणा क्रेऑन येतो, त्याला बळजबरीनं परत न्यायला, आणि चारचौघांत त्याची जुनी पापं काढतो. तेव्हा ईडिपस जे बोलतो ते तू तुझ्या मूट कोर्टात, म्हणजे लॉ कॉलेजच्या सरावाच्या खटल्यात, जसंच्या तसं वापरू शकतेस. तो म्हणतो, माझ्या बापाला देवाचा कौल मिळाला तेव्हा मी आईच्या पोटातही नव्हतो, मग मला बोल कसा लावतोस? आत्ता इथे कोणी तुझ्या अंगावर मारायला धावून आला, तर तू आधी 'तू माझा बाप आहेस का' असं विचारशील, की उलटा वार करशील? आणखी एका ठिकाणी तो म्हणतो की ही कृत्यं मी केली असं म्हणण्यापेक्षा मी ती सोसली. कायद्यापुढे मी शुद्ध आहे, असंही तो स्पष्ट म्हणतो.

म्हणजे दोष नाही, यावर तुझं, माझं आणि नाटककाराचं एकमत आहे. प्रश्न राहतो डोळ्यांचा. त्यासाठी मुळात काय 'ठरलेलं' होतं ते नीट बघावं लागेल, कारण 'सगळं' ठरलेलं होतं हे मला मान्य नाही.

ईडिपस वाढला त्या कॉरिंथच्या राजवाड्यात मेजवानीत एक दारूडा ईडिपसला म्हणतो, तू तुझ्या बापाचा मुलगाच नाहीस. तो आईबापांना विचारतो. ते त्या माणसावर संतापतात, याची समजूत घालतात. याचं समाधान होत नाही. कोणालाही न सांगता तो डेल्फीला, ॲपोलो देवाचा कौल घ्यायला, जातो. विचारतो एक, ॲपोलो सांगतो दुसरंच : तू आईशी संग करशील आणि बापाला मारशील. तो कॉरिंथला पाठ करून निघतो, आणि तीन वाटा मिळतात तिथे एका रथातला म्हातारा त्याला वाटेवरून ढकलतो, डोक्यात पराणी हाणतो. पुढचं तू पाहिलंस : तो त्याला, म्हणजे थीब्जच्या लायस राजाला, मारतो, मग थीब्जचा राजा होतो, विधवा राणी जोकास्टाशी लग्न करतो, आणि तेच त्याचे खरे आईबाप असतात. हे सगळं कौलाच्या पकडीत आहे, कबूल. पण सई, यातलं काहीही रंगमंचावर घडत नाही. पडदा उघडतो तेव्हा हे होऊन कित्येक वर्षं लोटली आहेत, त्याची मुलं वाढली आहेत. बघायला बसलेल्या अथेन्सकरांनाही ही कथा ठाऊक होती. त्यांना काय होणार याची उत्सुकता नव्हती, ते बघत होते हा माणूस काय करतो ते.

आणि रंगमंचावर जे घडतं ते प्रत्येक पाऊल त्याचं स्वतःचं आहे. शहरात साथ आली आहे; ती आपोआप ओसरेल म्हणून तो बसून राहू शकला असता. लोकांचे हाल बघवेनात म्हणून त्यानं क्रेऑनला डेल्फीला पाठवलं. कौल आला की लायस राजाचा खुनी शोधा. तपास कोणावर तरी ढकलता आला असता. त्यानं तो स्वतः हाती घेतला. ई. आर. डॉड्स नावाच्या ऑक्सफर्डच्या अभ्यासकानं १९६६ मध्ये एका लेखात हा मुद्दा फार नेमका मांडला आहे : आपल्याला खिळवून ठेवतो तो नियतीनं फरपटत नेलेला माणूस नव्हे, तर चांगल्यात चांगल्या हेतूंनी, स्वतःच्या मर्जीनं, एकेक पाऊल टाकत स्वतःच्या नाशापर्यंत चालत जाणारा माणूस. 'तू स्वतःच तपास करून हे उकरून काढशील' असं काही डेल्फीच्या कौलात नव्हतं. टायरेसियस त्याचं पुढचं आंधळेपण सांगतो खरं, पण तो द्रष्टा आहे. पुढचं दिसणं वेगळं आणि पुढे ढकलणं वेगळं.

त्याला थांब म्हणणारे किती जण आहेत बघ. टायरेसियस पहिल्यांदा बोलायलाच तयार नसतो, मला घरी जाऊ दे म्हणतो. जोकास्टा आधी त्याला समजावते की माणसाच्या आयुष्यावर योगायोगाचं राज्य आहे, जमेल तसं जगावं, जास्त खोलात जाऊ नये. मग कॉरिंथहून आलेल्या निरोप्याच्या बोलण्यातून तिला त्याच्या आधीच सगळं उमगतं, आणि ती अक्षरशः हात जोडते : जिवाची पर्वा असेल तर शोधू नकोस, माझं दुखणं मला पुरे आहे. शेवटी येतो तो म्हातारा मेंढपाळ, ज्यानं ते घोटे टोचलेलं बाळ, म्हणजे हाच ईडिपस, किथेरॉन डोंगरावर मरायला न टाकता दया येऊन दुसऱ्याच्या हाती दिलं होतं. तो बोलत नाही, तेव्हा राजा त्याचे हात पिरगाळायला लावतो. आणि मग या दोन ओळी. मेंढपाळ म्हणतो, "आता मी भयंकर ते बोलण्याच्या काठावर आलो आहे." ईडिपस म्हणतो, "आणि मी ऐकण्याच्या. पण ऐकलंच पाहिजे."

वर्गात मी दरवर्षी इथे थांबायचे. त्याला अजून एक क्षण मागे फिरायला जागा आहे. 'ऐकलंच पाहिजे' ही सक्ती त्याच्यावर कोणा देवानं केलेली नाही.

आता एक गोष्ट जी मला मनापासून खटकते. मुलं उत्तरपत्रिकेत लिहितात : ईडिपस रागीट होता, गर्विष्ठ होता, हा त्याचा 'शोकात्म दोष', म्हणून त्याचा नाश झाला. गाइडं असंच शिकवतात, आणि आधार ॲरिस्टॉटलचा देतात. ॲरिस्टॉटलनं तर म्हटलंय की अशा माणसाचं पतन दुष्टपणामुळे होऊ नये, कसल्यातरी चुकीमुळे व्हावं. कोणाला मारतोय ते माहीत नसणं, ही ती चूक. स्वभावाची खोट नव्हे. ईडिपस चिडका आहे, क्रेऑनवर तो नाहक संशय घेतो, म्हाताऱ्या मेंढपाळाशी क्रूरपणे वागतो, सगळं खरं. पण समज, तो संतासारखा शांत असता, तर कौल टळला असता का? नसता टळला. मग आपण त्याच्यात दोष शोधायला इतके उतावीळ का होतो? मला वाटतं, भीतीपोटी. त्याच्यात खोट सापडली की आपण सुटलो. आपण तसे नाही, म्हणजे आपल्यावर ही वेळ येणार नाही. सोफोक्लीस ही पळवाट ठेवत नाही, म्हणून त्याचं नाटक जड जातं.

तशीच दुसरी सोय आपल्याकडची. आजी तुझ्याबरोबर आली असती तर चटकन म्हणाली असती, मागल्या जन्मीचं काहीतरी असणार. प्रारब्ध म्हटलं की हिशेब जुळतो : आज जे भोगतोय ते कधीतरी आपणच पेरलेलं. ईडिपसच्या दैवाला असा हिशेब नाही. इतर ग्रीक कथांत लायसचं एक जुनं पाप येतं, पण या नाटकात सोफोक्लीसनं त्याचा उच्चारही केलेला नाही. कौल का, याचं उत्तर तो कुठेच देत नाही. आपल्या मनाला ही पोकळी सोसत नाही. मलाही सोसत नसे. पण ती भरली की नाटक संपतं, कारण मग 'का' याला उत्तर मिळतं आणि 'आता काय करू' हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

तर डोळे. जोकास्टानं गळफास घेतला आहे. तिच्या वस्त्राच्या सोन्याच्या पिना काढून ईडिपसनं डोळ्यांत खुपसल्या आहेत. हे सांगायला आतून जो सेवक येतो, तो सुरुवातीलाच म्हणतो की आता जी संकटं उजेडात येतील ती जाणून केलेली आहेत, अजाणता नव्हे, आणि स्वतः ओढवून घेतलेलं दुःखच जास्त सलतं. म्हणजे पहिल्या कृत्यांत आणि या कृत्यात फरक आहे, हे नाटक स्वतःच सांगतं. तुमच्या कायद्याच्या पुस्तकाइतक्या स्वच्छपणे. मग वृद्धांचा कोरस, म्हणजे नाटकातला नागरिकांचा समूह, विचारतो, कोणत्या देवानं तुला हे करायला लावलं? ईडिपस म्हणतो : ॲपोलो, मित्रांनो, ॲपोलो होता ज्यानं माझी ही दुःखं घडवून आणली. पण डोळ्यांवर वार करणारा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता, माझाच होता.

दोन्ही एकाच श्वासात. तो ॲपोलोला सोडत नाही आणि स्वतःलाही नाही. तुझा प्रश्न होता, दैव की माणूस. या माणसाला ती वाटणी करायचीच नाही. देवाचा वाटा किती टक्के, माझा किती, उरला तो माफ, असं तो म्हणत नाही. आपल्या हातून झालेल्या गोष्टी आपल्या नव्हत्या असं वागणं त्याला शक्य नाही. डोळे फोडले ते बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. कोरसलाही ते पटलेलं नाही, आणि पुढे कोलोनसमध्ये म्हातारा ईडिपस स्वतःच म्हणतो की तेव्हा रागाच्या भरात मी स्वतःला अती शिक्षा केली. पण तुझ्या प्रश्नात तू ती शिक्षा धरली आहेस, तिथे माझं तुझ्याशी थोडं वेगळं मत आहे. शिक्षा होण्यासाठी कोणी दोषी ठरवावं लागतं. इथे तसा न्यायाधीश नाही. एक माणूस आहे, ज्याला कळलंय की आपण काय करून बसलो, आणि बापाकडे, आईकडे, मुलांकडे आता कोणत्या डोळ्यांनी बघायचं हे ज्याला कळत नाही. तेच कारण तो देतोही.

तुला वाटेल, हा सगळा नाटकातला भावनांचा खेळ, कायद्यात याला जागा नाही. अथेन्सच्या कायद्यात होती. ड्रेकॉन या जुन्या कायदेकर्त्याचा मनुष्यवधाचा कायदा इ.स.पू. ६२१ च्या सुमाराचा. इ.स.पू. ४०९ मध्ये, म्हणजे सोफोक्लीस हयात असताना, तो पुन्हा दगडावर कोरला गेला आणि तो फुटका दगड आजही अथेन्सच्या संग्रहालयात आहे. त्याची सुरुवातच अशी : पूर्वनियोजन नसताना जरी कोणी कोणाला मारलं, तरी त्यानं देशाबाहेर जावं. हेतू होता की नव्हता हा फरक त्यांना पक्का माहीत होता. हेतुपुरस्सर खुनाला वेगळी शिक्षा होती. तरीही अजाणता मारणाऱ्याला 'जा, तुझा काही संबंध नाही' असं ते म्हणत नव्हते. मृताचे बाप, भाऊ, मुलं सगळे राजी झाले, तर त्याला माफी मिळू शके. मला हे कलम फार आवडतं. दोष नसतानाही ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याशी तुझं काही देणं लागतं, आणि ते फिटलं की नाही हे तू एकट्यानं ठरवायचं नाही, असं ते म्हणतं.

या प्रश्नानं त्या काळच्या लोकांची झोप उडवली होती. प्लुटार्क या चरित्रकारानं एक हकीकत दिली आहे. खेळांच्या स्पर्धेत एका खेळाडूच्या भाल्यानं चुकून एपिटिमस नावाचा माणूस मेला. अथेन्सचा नेता पेरिक्लीस आणि तत्त्वज्ञ प्रोटॅगोरस या दोघांनी अख्खा दिवस यावर वाद घातला की खरं जबाबदार कोण : भाला, भाला फेकणारा, की स्पर्धा भरवणारे? भाला हे नाव वाचून तुला नवल वाटेल, पण ज्यानं माणूस मेला अशा निर्जीव वस्तूंवरही अथेन्समध्ये खटला चालत असे आणि ती वस्तू सीमेबाहेर नेऊन टाकत. ही हकीकत पेरिक्लीसच्या मुलानंच बापाची थट्टा करायला गावभर सांगितली होती म्हणतात. मी मात्र त्या बापाच्या बाजूची आहे. एक माणूस मेला आहे आणि कोणाचाच दोष नाही, यावर दिवसभर विचार करणं मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही.

तुला अण्णांची एक गोष्ट ठाऊक नसेल. माझ्या लहानपणी आपल्या शेतात एक गडी होता. शेतीची लाइट रात्रीच यायची. एका रात्री अण्णांनी त्याला विहिरीवर मोटर चालू करायला पाठवलं आणि वाटेत त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अण्णांनी कोणाचं काय वाईट केलं होतं? पाणी द्यायचं होतं, लाइट रात्रीची होती, रोज कोणीतरी जातच होतं. सांत्वनाला येणारा प्रत्येक जण म्हणे, "त्याची वेळ भरली होती हो, तुम्ही निमित्त." अण्णा मान हलवून ऐकत. एकदाच मी त्यांना उत्तर देताना ऐकलं, "निमित्त असेन. पण जा म्हणालो तो मीच." त्याच्या दोन्ही मुलांची शाळा अण्णांनी शेवटपर्यंत बघितली. त्याबद्दल घरात कधी बोलणं झालं नाही. त्यांनी ईडिपस वाचलेला नव्हता.

दैवाचं नाव घेऊन हात झटकणारेही ग्रीक नाटककारांनी रंगवले आहेत, आणि तुझ्यासारखीला ते जास्त उपयोगी पडतील. युरिपिडीसचं 'ट्रोजन स्त्रिया' इ.स.पू. ४१५ चं. ट्रॉय जळून गेलं आहे आणि हेलन, जी ट्रॉयच्या राजपुत्राबरोबर, पॅरिसबरोबर, गेली म्हणून युद्ध पेटलं, नवऱ्यापुढे, मेनेलाउसपुढे, स्वतःचा बचाव मांडते. पहिला दोष ट्रॉयच्या राणीचा, हेक्युबाचा, तिनं पॅरिसला जन्म दिला. दुसरा त्या म्हाताऱ्याचा, ज्यानं ते पोर वेळीच मारलं नाही. मग पॅरिसनं केलेल्या तीन देवींच्या सौंदर्याच्या निवाड्याचा, मग प्रेमाच्या देवीचा, ॲफ्रोडायटीचा, जिच्यापुढे देवांचा राजा झ्यूस याचंही चालत नाही. फार हुशार युक्तिवाद आहे, तुकड्या-तुकड्यानं खोडून बघ. हेक्युबा मात्र एका वाक्यात खोडते : माझा मुलगा देखणा होता, त्याला बघितल्यावर तुझंच मन ॲफ्रोडायटी झालं. स्वतःच्या पापाला शोभा यावी म्हणून देवींना मूर्ख ठरवू नकोस.

त्याहून गुंतागुंतीची क्लायटेम्नेस्ट्रा, एस्किलसच्या 'ॲगमेम्नॉन'मधली, इ.स.पू. ४५८. तिचा नवरा ॲगमेम्नॉन ट्रॉयला निघताना ऑलिसच्या किनाऱ्यावर अडकला होता. वारा प्रतिकूल, आर्टेमिस देवी बळी मागते, आणि त्यानं पोटची मुलगी इफिजेनिया वेदीवर चढवली. कोरस तिथे म्हणतो की गरजेचं जू त्यानं आपल्या मानेवर चढवलं. जू देवानं पुढे केलं असेल. मान त्यानं घातली. दहा वर्षांनी तो घरी येतो तेव्हा ती त्याला मारते. प्रेतापाशी उभी राहून ती आधी ताठ मानेनं म्हणते, हा माझा नवरा, हा मेला, आणि हे या माझ्या उजव्या हाताचं काम. कोरस तिला फैलावर घेतो. मग हळूहळू तिचा सूर बदलतो. थोड्या वेळानं ती म्हणते, मला ॲगमेम्नॉनची बायको समजू नका; या घराण्याच्या जुन्या पापाचा सूड घेणारा पिशाच्च माझं रूप घेऊन आला होता. यावर कोरसचं उत्तर तुझ्या वहीत लिहून ठेव : या खुनात तू निर्दोष आहेस याची साक्ष कोण देणार? पण हो, तो पिशाच्च तुझा साथीदार असू शकेल.

साथीदार! मुख्य आरोपी तूच. ईडिपस ॲपोलोपासून सुरुवात करून स्वतःच्या हातापर्यंत येतो, ही हातापासून सुरुवात करून पिशाच्चापर्यंत जाते. घटना दोघांच्याही बाबतीत दैवानं वेढलेल्या आहेत. फरक त्यांच्या चालण्याच्या दिशेत आहे, आणि दोष नसलेला तो, दोष असलेली ती!

आता तुझ्या आवडीचा भाग. 'ॲगमेम्नॉन' हे ज्या त्रिनाट्याचं पहिलं नाटक, त्याच्या शेवटी न्यायालय उभं राहतं. ओरेस्टीसनं बापाच्या खुनाचा सूड म्हणून आईला, क्लायटेम्नेस्ट्राला, मारलं आहे. ॲपोलोनं तशी आज्ञा केली होती, नाही मानलीस तर भयंकर भोगशील अशी धमकीही होती. एरिनीज, म्हणजे रक्ताचा सूड घेणाऱ्या देवता, त्याच्या मागे लागल्या आहेत. अथेना देवी अथेन्सचे नागरिक निवडून अरेओपागस टेकडीवर पंच बसवते. हे नाटक आलं त्याच्या चारच वर्षं आधी अथेन्सनं याच अरेओपागसवर भरणाऱ्या मंडळाचे राजकीय अधिकार काढून घेतले होते आणि त्याच्याकडे मुख्यतः खुनाचे खटले ठेवले होते. म्हणजे प्रेक्षकांसाठी हा ताजा विषय होता.

तिथे एरिनीज विचारतात, आईला मारलंस की नाही? ओरेस्टीस म्हणतो, मारलं, नाकारत नाही. आणि ॲपोलो स्वतः साक्षीला उभा राहून म्हणतो की या हत्येची जबाबदारी माझी. सई, कोणत्या कोर्टात तू हे पाहशील? एकाच गुन्ह्याची जबाबदारी देव म्हणतो माझी, माणूस म्हणतो माझी, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याकडे बोट दाखवून स्वतः मोकळा होत नाही. ओरेस्टीस आज्ञेचा आधार घेतो, पण तो मग; 'मारलं' हे तो आधी म्हणतो.

मतं समसमान पडतात. अथेनाचं मत ओरेस्टीसच्या बाजूनं, म्हणून तो सुटतो आणि आभार मानून निघून जातो. पण नाटक तिथे संपत नाही. पुढे बराच वेळ अथेना एरिनीजची समजूत घालत राहते. त्या ओरडतायत, शहरावर विष ओतू म्हणतायत, कारण निर्दोष म्हटल्यानं सांडलेलं रक्त नाहीसं झालेलं नाही. अथेना त्यांना हाकलून देत नाही. शहरातच, जमिनीखाली, मानाची जागा देते. माणूस सुटला तरी त्याच्या कृत्याला कुठेतरी जागा द्यावी लागते, हे एस्किलसनं न्यायालयाच्या जन्मकथेतच लिहून ठेवलं. तू वकिली करायला लागशील तेव्हा तुझे अशील सुटून आनंदानं घरी जातील. समोरच्या बाकावर बसलेल्यांकडे त्या दिवशी एकदा बघ, एवढीच माझी इच्छा आहे.

या खटल्यातली एक गोष्ट मला आई म्हणून कधीच पटलेली नाही. ओरेस्टीसला वाचवताना ॲपोलो असा युक्तिवाद करतो की आई ही मुलाची खरी जन्मदाती नसतेच, ती फक्त बापाचं बीज सांभाळणारी. आणि अथेना, झ्यूसच्या डोक्यातून जन्मलेली, म्हणते की मला आईच नाही म्हणून मी पुरुषाच्या बाजूची. निकाल या दोन आधारांवर टिकतो. मला तो निकाल हवासा वाटतो, आधार मात्र नको. अभ्यासक म्हणतात की एस्किलसला हा युक्तिवाद लंगडाच दाखवायचा होता. काही म्हणतात, त्याला तो मान्य होता. मला पहिलं खरं असावं असं वाटतं, पण ते माझ्या मनाचं झुकणंही असेल.

पु. लं.नी मराठीत आणलेला 'राजा ओयदिपौस' माझ्या कपाटात आहे, शनिवारी मावशी पुण्याला येतेय तिच्याकडे देते. ओरेस्टीसचा खटला तुला इंग्रजीतून तुमच्या ग्रंथालयात मिळेल. तो वाचून मला एक काम करून दे. एरिनीजच्या बाजूनं वकीलपत्र घे. ॲपोलोच्या त्या बीजाच्या युक्तिवादाला त्यांनी नाटकात धड उत्तर दिलेलं नाही. तू काय दिलं असतंस ते दोन पानांत लिहून पाठव. बाबा पंच म्हणून बसायला तयार आहेत, पण त्यांचं मत ओरेस्टीसला आहे हे आधीच सांगून ठेवते, तेव्हा तयारी नीट कर.

तुझी,
आई